अधिकाचे वाण

अपराध्याला दंड द्यावा की औषध, हा प्रश्न न्यायासनाइतकाच जुना आहे. जो स्वतःच आपल्या व्यसनाचा पहिला बळी ठरला आहे, त्याला तुरुंगात न धाडता वैद्याच्या स्वाधीन करावे, अशी मुभा आपल्या कायद्याने एका कलमात मोठ्या सौजन्याने ठेवली आहे. परंतु ही दया आपल्या पायांवर उभी राहत नाही. तिला टेकायला एक जामीनदार लागतो. त्या जामीनदाराने रोग्यावर माया करावी आणि त्याच्यावर पहाराही ठेवावा, अशी अपेक्षा असते. ज्या हाताने पाठीवरून हात फिरवायचा, त्याच हाताने खिसे तपासायचे, हे कर्म किती कठीण आहे, ते ज्याच्यावर येते त्यालाच कळते. कसबा पेठेतल्या सर्जेरावांवर ते आले, तेव्हा त्यांना वाटले होते की या कामासाठी आपल्यापेक्षा योग्य माणूस पुण्यात दुसरा मिळणार नाही.

त्यांना तसे वाटण्याला कारण होते. सर्जेरावांनी शिवाजीनगरच्या न्यायालयात बत्तीस वर्षे बेलिफाची नोकरी केली होती. समन्स घेऊन लोकांच्या दारात उभे राहायचे आणि सही घेऊन परतायचे, हा त्यांचा धर्म. दाराआडून "ते गावाला गेलेत" असे सांगणारा आवाज खुद्द त्या गावाला गेलेल्याचाच असतो, हे त्यांनी शेकडो वेळा अनुभवले होते. त्यामुळे निवृत्तीनंतरही, कोणी "नाही" म्हटले की त्यांची नजर आधी दाराखालच्या फटीतून दिसणाऱ्या पायांकडे जात असे.

त्यांचे जावई मच्छिंद्र हे हडपसरचे. घरची शेती होती तोवर शेती केली. ती इमारतींखाली गेली तेव्हा मालाचा टेम्पो घेतला. भाजी बाजारात पहाटेच्या खेपा करताना थकवा विसरण्यासाठी कोणा सोबत्याने अफूपासून केलेल्या नशेची पुडी हातावर ठेवली. पुढे त्या पुडीने टेम्पो खाल्ला, झोप खाल्ली आणि एके दिवशी नाकाबंदीत पोलिसांनी त्यांच्या खिशातून ती बाहेर काढली. पुडी छोटी होती, विकण्यासाठी नव्हती. न्यायाधीशांनी दोष निश्चित केला, पण शिक्षा राखून ठेवली. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहायचे, त्यानंतर नऊ महिने जामीनदाराच्या घरी. दर सोमवारी केंद्रात लघवीची तपासणी द्यायची. दर दोन महिन्यांनी जामीनदाराने न्यायालयात लेखी निवेदन करायचे. एखादी तपासणी बिघडली, तर राखून ठेवलेली शिक्षा आहेच, आणि येरवडा काही दूर नाही.

कन्या विजयमालेने बापाचे पाय धरले म्हणून सर्जेराव जामीन राहिले. तेव्हापासून लेक आणि जावई त्यांच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होते. सर्जेरावांनी एक वही सुरू केली. 'दुपारी १२.१०, बाहेर. १२.५०, परत. डोळे स्वच्छ.' 'सकाळी न्हाणीघरात अठरा मिनिटे. साबण संपलेला नाही.' असे टिपण रोज होत असे. जावई जवळच्या तांबट आळीत एका दुकानी भांड्यांना चकाकी आणायच्या कामावर जात. त्या दुकानदाराकडेही सर्जेरावांनी दोन वेळा सहज म्हणून चौकशी केली होती.

"आबा, तुम्ही त्यांच्याकडे बघता तेव्हा मला पण चोरी केल्यासारखं वाटतं," एकदा विजयमाला म्हणाली.

"तू जेवढं कमी बघतेस तेवढं मी जास्त बघतो," सर्जेराव म्हणाले. "घरात मिळून दोन डोळे तरी उघडे पाहिजेत."

आठ सोमवार निर्दोष गेले. सर्जेरावांनी ते वहीत लिहिले, पण मनात जमा केले नाहीत. त्यांच्या मते आठ वेळा स्वच्छ असणे म्हणजे नवव्या वेळेची तयारी.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. सुमारे तेहतीस महिन्यांनी येणारा हा महिना जावयाच्या मानाचा. या महिन्यात जावई नारायणस्वरूप आणि लेक लक्ष्मी. त्यांना पाटावर बसवून, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि तेवता दिवा ठेवून वाण द्यायचे, ही रीत. मुक्ताबाईंनी, म्हणजे सर्जेरावांच्या पत्नीने, तांदूळ तीन दिवस भिजवून, गुळात पीठ मळून, एकेक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडला होता. एका अंगाने जाळी पडलेले आणि वरून खसखशीने दाट माखलेले ते अनारसे शनिवारी सकाळी ताटात रचले गेले.

कुंकू लावून झाले. आता सासऱ्याने नमस्कार करायचा होता. सर्जेराव ताठ उभे.

"अहो, वाका की. कंबर धरलीय का?" मुक्ताबाई हळूच म्हणाल्या.

"कंबर ठीक आहे. नारायणाचा गेल्या सोमवारचा रिपोर्ट स्वच्छ होता, तेवढ्यावर वाकतो."

मच्छिंद्र पाटावरून अर्धे उठले. "मामा, राहू द्या. मला नको हाय नमस्कार."

"बसा, बसा. मी कुठं तुम्हाला करतोय? महिन्याला करतोय."

विजयमालेने मान खाली घातली. सर्जेराव वाकले, पण वाकतानाही त्यांची दृष्टी जावयाच्या बोटांवर होती. बोटे किंचित थरथरत होती. ती थरथर अपमानाची असू शकते, हा विचार त्यांना शिवला नाही. त्यांनी नमस्कार पुरा केला आणि वहीत एक ओळ घातली.

रविवारी दुपारी जावई बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या आत कागदाचे काहीतरी होते. सर्जेरावांनी ते पाहिले. पायांत चपला सरकवल्या आणि पन्नास पावलांचे अंतर राखून ते मागे निघाले. ऊन माथ्यावर होते. जावई कामाच्या दुकानावरून गेले, थांबले नाहीत. शनिवार पेठेतून नदीकडे वळले. घाटाच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हते. मच्छिंद्र एका पायरीवर रस्त्याकडे पाठ करून बसले, सदऱ्यातून कागदाची पुडी काढली, इकडेतिकडे पाहिले, ओणवे झाले आणि तोंडाशी काहीतरी नेले. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. मग त्यांनी ओठ पुसले, कागद झटकला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिले.

सर्जेराव पुढे झाले नाहीत. पुरावा आधी आणि आरोप मागून, ही त्यांच्या नोकरीची शिस्त. ते धापा टाकीत घरी आले आणि त्यांनी वहीत लिहिले: 'घाट. पुडी. पाठ करून. उद्या सोमवार.'

सोमवारी केंद्रातल्या परिचारिका नसीमबानू यांनी तपासणीची पट्टी उजेडात धरली. या पट्टीची गंमत अशी की अंगात अफूचा अंश नसेल तर ओळ उमटते, असेल तर उमटत नाही. नसीमबानूंनी पट्टी तिरपी केली, पुन्हा सरळ केली. दुसरी पट्टी घेतली. ओळ आली नाही.

"पॉझिटिव्ह," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रोजची सवय होती. "गुरुवारी तारीख आहे ना यांची? रिपोर्ट कोर्टात जाईल. नमुना मोठ्या प्रयोगशाळेतही पाठवते, पण तिकडून उत्तर यायला तीन आठवडे."

"मी काय बी घेतलं नाही," मच्छिंद्र म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पोरीची शप्पथ, सिस्टर."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"नाही. होईल तिची."

नसीमबानू नोंदवहीत लिहू लागल्या.

घरी परतल्यावर सर्जेरावांनी आधी केंद्रात फोन करून घाटावरच्या पुडीची खबर दिली, मग दार लावले आणि खुर्ची दारासमोर ओढून बसले.

"काल घाटावर पुडीत काय होतं?"

मच्छिंद्र यांनी वर पाहिले. "अनारसे."

"काय?"

"अनारसे, मामा. वाणाचे."

सर्जेराव हसले, आणि ते हसणे ऐकून स्वयंपाकघरातल्या मुक्ताबाईंच्या हातातला डाव थांबला. "वा! दारात उभं राहून मी खूप ऐकलंय. मेलेला माणूस खोकताना ऐकलाय. पण अफू खाऊन अनारसे सांगणारा तुम्ही पहिलेच. घरात अनारशांचा डबा भरलाय, आणि तुम्ही ते सदऱ्यात लपवून, उन्हात घाटावर जाऊन, जगाला पाठ करून खाता?"

"मीच सांगितलं त्यांना," मुक्ताबाई दारात येऊन म्हणाल्या. "वाण उंबऱ्याबाहेर जायला हवं. दुसरे जावई आपल्या घरी नेतात. ह्यांनी कुठं न्यायचं? दिल्या घरीच ठेवलं तर दिल्यासारखं होत नाही. मी म्हटलं, रोज थोडे बाहेर नेऊन खा. काल आणि परवा मिळून चौदा खाल्लेत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अनारशांचीही झडती घेतली असती."

सर्जेराव बधले नाहीत. "बरं. अनारसे खाल्ले, मान्य. त्याच्याबरोबर आणखी काय खाल्लं? तांदूळ आणि गुळानं पट्टी बिघडते होय? मग सगळा कसबा आत टाकावा लागेल."

विजयमाला नवऱ्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यातही आता एक बारीक प्रश्न शिरला होता. मच्छिंद्र यांना तो दिसला. सासऱ्याच्या बोलण्याने न वाकलेला माणूस त्या एका दृष्टीने वाकला. ते उठले, आपली पिशवी काढली आणि दोन सदरे घडी करून तिच्यात ठेवू लागले.

"कुठं निघालात?" विजयमालेने विचारले.

"कुठं नाही. गुरुवारी लागतील ना."

मंगळवारी सकाळी सर्जेराव निवेदन लिहायला बसले. भाषा त्यांना नवीन नव्हती: 'सदर इसमाची वर्तणूक मला संशयास्पद आढळून आली.' निवेदनाला मूळ कागदपत्रांच्या प्रती जोडायच्या, म्हणून त्यांनी धारिका उघडली. सगळे कागद तारखेने लावलेले, प्रत्येकावर क्रमांक. जामीनपत्र, न्यायालयाचा हुकूम, केंद्राची भरती पावती. त्यामागे एक पिवळट कागद होता: 'पालक व जामीनदारांसाठी सूचना'. खाली त्यांची सही होती. बत्तीस वर्षांच्या सवयीची, शेवटी झोकदार रेघ मारलेली.

सही होती, म्हणजे कागद त्यांच्या हाती आला होता. वाचल्याची मात्र त्यांना काहीच आठवण नव्हती. त्यांनी चष्मा लावला. औषधांच्या वेळा; खोकल्याच्या औषधांविषयी सावधगिरी; आणि सातव्या कलमात, साध्या मराठीत: 'खसखस ही अफूच्याच झाडाची असल्याने खसखस असलेले पदार्थ तपासणीपूर्वी तीन दिवस देऊ नयेत; चाचणीत दोष दिसू शकतो.'

सर्जेरावांनी ते तीन वेळा वाचले. बाहेर तांबट आळीतली ठोक ऐकू येत होती.

लोकांच्या दारात ते किती वेळा म्हणाले असतील: "अहो, आधी वाचा, मग सही करा. कागद चावत नाही." लोक हसत आणि न वाचता सही करत, आणि सर्जेराव मनातल्या मनात त्यांना मूर्ख म्हणत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणे सत्याला धरून होणार नाही. त्या कागदाची एकच प्रत घरात होती आणि ती त्यांच्या हातात होती. मुक्ताबाई स्वयंपाकघरात होत्या. कागद पुन्हा धारिकेत गेला असता तर कोणालाही काही कळले नसते. संशय खरा ठरला असता, वही खरी ठरली असती, आणि बत्तीस वर्षांच्या नजरेची लाज राहिली असती. सर्जेराव तो कागद धरून बराच वेळ बसले. त्यांनी नंतर कोणाला सांगितले नाही की त्या वेळात मनात काय आले. पण उठल्यावर त्यांनी अर्धे लिहिलेले निवेदन फाडले आणि पिवळा कागद खिशात घालून ते केंद्राची वाट चालू लागले.

नसीमबानूंनी सगळे ऐकून घेतले. भवानी पेठेत चार पिढ्या राहिलेल्या घरातल्या त्या. त्यांना अनारसा म्हणजे काय ते सांगावे लागले नाही. पण वीस वर्षे या कामात घालवल्यामुळे त्यांचीही नजर सर्जेरावांच्याच जातीची होती.

"काका, खसखशीनं होतं, हे खरं. पण खसखशीचं नाव सांगून दुसरं लपवणारेही खूप. मागच्या महिन्यात एकानं खोकल्याच्या बाटलीवर ढकललं. त्याच्या आधी एकानं आजीच्या काढ्यावर. तपासणी बिघडली की घरच्यांना अचानक सगळे पदार्थ आठवतात."

"मी खोटं बोलतोय असं म्हणता?"

"मी असं म्हणते, की काल तुम्हीच मला फोन करून सांगितलंत, मी त्यांना पुडी खाताना बघितलंय. आज अनारसे म्हणता. मी कोणत्या काकांचं ऐकू?"

सर्जेरावांना प्रथमच कळले की दाराच्या आतल्या बाजूला उभे राहणे कसे असते. आपण खरे बोलत आहोत, हे सांगायला शब्दांखेरीज काही नाही, आणि समोरच्याने ते सगळे शब्द आधीच ऐकलेले आहेत.

ते म्हणाले, "सिस्टर, तुमची पट्टी माणूस ओळखत नाही ना? जो नमुना देईल त्याचं सांगते?"

"हो."

"मग माझी घ्या. डब्यात अजून अनारसे आहेत. आज खातो, उद्या सकाळी नमुना देतो. तुमचा माणूस समोर उभा करा. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. माझी ओळ आली तर जावई खोटे. नाही आली तर मी."

नसीमबानूंनी लेखणी खाली ठेवली. "तुम्हाला मधुमेह आहे. भरतीच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतंत."

"नऊ वर्षं गोड खाल्लं नाही. उधारी जमली असेल," सर्जेराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते जेवणाच्या जागी पाटावर बसले आणि त्यांनी डबा मागितला. मुक्ताबाईंना कारण कळले तेव्हा त्या एकेक अनारसा काढून ताटात ठेवू लागल्या. सहाव्यानंतर सर्जेरावांचा घास फिरू लागला. आठव्याला मच्छिंद्र पुढे आले.

"बास, मामा. तुम्हाला काही झालं तर ते बी माझ्याच नावावर लागंल."

"गप्प बसा. जबानी चालू असताना मध्ये बोलायचं नसतं."

अकरा झाले तेव्हा त्यांनी पाणी प्यायले. विजयमाला ताट उचलायला आली. तिचे डोळे भरले होते. तिने नवऱ्याच्या पिशवीतले दोन्ही सदरे काढून पुन्हा खुंटीला लावले.

बुधवारी सकाळी केंद्रात एक पोरसवदा कर्मचारी सर्जेरावांसमोर उभा राहिला आणि नियमाप्रमाणे त्याने नजर हलवली नाही. दर सोमवारी जावयाला हे सोसावे लागत होते, आणि दर सोमवारी सर्जेराव दाराबाहेर उभे राहून घड्याळ पाहत होते. बाटली हातात धरून बाहेर येताना त्यांची मान खाली होती.

नसीमबानूंनी पट्टी बुडवली. पाच मिनिटे गेली. ओळ आली नाही. त्यांनी दुसरी पट्टी घेतली. तीही कोरी राहिली.

"पॉझिटिव्ह," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "काका, तुम्हाला भरती करावं लागणार. आधी साखर बघू का?"

साखर बरीच वाढली होती. त्यांनी सर्जेरावांना दोन तास झोपवून ठेवले, गोळी दिली, आणि तेवढ्या वेळात दोन्ही तपासण्यांचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला.

गुरुवारी सर्जेराव न्यायालयात उभे राहिले. या इमारतीतली प्रत्येक पायरी त्यांना ठाऊक होती. पण साक्षीदाराच्या जागेवरून खोली वेगळी दिसत होती. न्यायाधीशांनी अहवाल वाचला, पिवळा कागद वाचला, त्याखालची सही पाहिली.

"तुम्ही इथेच बेलिफ होतात ना?"

"हो, साहेब."

"न वाचता सही केलीत?"

"हो, साहेब. दोष जावयांचा नाही. अनारसे आमच्या घरचे, सही माझी. आणि पुडीची तक्रारही माझीच. त्यांनी मला खरं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मागे बसलेल्या एका वृद्ध कारकुनाने मान वर करून पाहिले. सर्जेरावांच्या तोंडून 'मी ऐकलं नाही' हे वाक्य त्या इमारतीत कोणी ऐकलेले नव्हते.

प्रयोगशाळेचे उत्तर यायचे होते. पुडीतल्या विषाची खूण वेगळी असते आणि ती तिथे कळते, असे नसीमबानूंनी लिहिले होते. न्यायाधीशांनी ते येईपर्यंत शिक्षेचा विचार पुढे ढकलला आणि उपचार, तपासण्या व जामीन जसेच्या तसे चालू ठेवले. जामीनदाराने सूचना वाचाव्यात, एवढे मात्र हुकुमात वाढवले.

परतताना दोघे पुलावरून चालत आले. सर्जेराव पुढे होते, मच्छिंद्र दोन पावले मागे. पुलाच्या मध्यावर सर्जेराव थांबले.

"तुम्ही मागं का चालताय?"

"तुम्ही पुढं असायची सवय नाही, मामा. रोज तुम्ही मागं असता."

सर्जेराव वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची उजवी चप्पल वाजते. पहिल्या दिवसापासनं माहीत हाय." मच्छिंद्र यांनी नदीकडे पाहिले. "घाटाचा चढ आला की तुम्हाला दम लागतो. म्हणून तिथं मी हळू चालायचो."

प्रयोगशाळेचे पत्र अजून तीन आठवडे दूर होते, आणि जुन्या सवयीने सर्जेरावांच्या मनाच्या एका कोपऱ्यातून विचारले, समजा त्या पत्रात काही वेगळे आले तर? त्यांनी तो प्रश्न ऐकला, पण त्याच्यासाठी थांबले नाहीत. ते बाजूला झाले, जावयांना आपल्या शेजारी येऊ दिले, आणि उरलेला पूल दोघांनी एका ओळीत ओलांडला.

घरी डब्यात आठ अनारसे उरले होते. मुक्ताबाई सुरीने त्यांच्यावरची खसखस खरवडून एका वाटीत काढत होत्या. खाली उघडे पडलेले अनारसे फार बापुडवाणे दिसत होते. त्यांनी दोन विजयमालेच्या हातावर ठेवले, दोन मच्छिंद्र यांच्या. "आता उंबऱ्याबाहेर नको. इथंच खा. देवाला कळतं सगळं."

सर्जेरावांनी वही काढली, तिच्याकडे पाहिले आणि देवघराच्या खालच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या चळतीत ठेवून दिली. मग न सांगता, न कोणी सुचवता, ते जावयांसमोर वाकले. या वेळी त्यांची नजर बोटांवर नव्हती.

ज्याला सावरायचे आहे त्याच्या पायांत बळ असो. जो पहारा ठेवतो त्याच्या डोळ्यांत पाणी असो. आणि जी दोघांच्या मध्ये उभी राहते, त्या लेकीच्या घरातला अधिकाचा दिवा वाऱ्याने न विझो.